पाण्याशी कानडी

अण्णा माणसांशी मराठीत बोलायचे आणि पाण्याशी कानडीत. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, अगदी सीमेला टेकलेलं. घरात दोन्ही भाषा नांदायच्या, पण ही वाटणी त्यांनी स्वतःच केलेली. सकाळी साडेपाचला मी पोहण्याच्या तलावावर पोचायची तेव्हा ते खोल बाजूच्या काठावर उकिडवे बसून, खाली बघत काहीतरी पुटपुटत असायचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मला वाटायचं, जप चाललाय. महिनाभरानं धीर करून विचारलं, "अण्णा, रोज कुठला मंत्र म्हणता?"

"मंत्र कशाचा बाई? शिव्या घालतोय," मान वर न करता ते म्हणाले. "काल दिवस मावळताना धड हुतं. आन् आज बगा कसं तोंड करून बसलंय."

मी त्या तलावावर पोहायला शिकवायची. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी चार ते पाच बायका. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. कोल्हापुरात पोहणं म्हणजे विहीर नाहीतर पंचगंगा, पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि कुणीतरी मागून ढकलायचं, अशी रीत. तीही पुरुषांची. बायकांसाठी रोज एक तास राखीव मिळावा म्हणून मी तलाव चालवणाऱ्या संस्थेकडं दोन वर्षं अर्ज करत होते. शेवटी तास मिळाला तो दुपारचा, बाकी कुणालाच नको असलेला. तरी मला तो स्वतःचं घर बांधल्यासारखा वाटायचा. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते या तासाच्या मायेपोटी केलं.

अण्णा मुळात पाण्यातले नव्हतेच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वीस-बावीस वर्षं साचे भरण्यात गेलेली. ओतकामाच्या वाळूतला माणूस. एका मे महिन्यात आमच्या तलावाचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. संस्थेच्या सचिवांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, ब्लीचिंग पावडरची पोती आणवली आणि पावडर थेट पाण्यात ओतायचा हुकूम दिला. पाणी आणखी पांढरं झालं. साहेबांनी आणखी पोती आणवली. शेवटी कुणीतरी म्हणालं, फिल्टरची वाळू खराब झाली असेल. म्हणून नवी वाळू मागवली. तिच्या ट्रकबरोबर, माल दाखवायला म्हणून, फौंड्री सोडून वाळूवाल्याकडं लागलेले अण्णा आले.

त्यांनी फिल्टरचं झाकण काढून आतली जुनी वाळू मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. वाळूचा लाडू तळहातावर तसाच बसून राहिला.

"साच्याला एक नंबर वाळू हाय," ते म्हणाले. "धरली की धरल्या जागी ऱ्हातीय. पर पाणी गाळायला ही वाळू म्हंजे मळलेली कणीक. पाणी हिच्यातनं जातच न्हाय. कडंकडंनं वाट काढून पळतंय."

साहेब खूश झाले. म्हणाले, "मग उतरवा की नवी."

अण्णांनी ट्रकमधली मूठभर वाळू घेतली, चिमटीत चोळली. "ही बी नगा घेऊ. लई बारीक हाय. चार दिसांत हिची बी कणीक हुतीय."

स्वतः आणलेला माल स्वतःच नापास करणारा विक्रेता कोल्हापुरात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. ट्रक परत गेला. ट्रकच्या मालकानं अण्णांना दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नका म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी तिसऱ्या दिवसापासून आमच्याकडं या म्हणून सांगितलं. साहेबांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा एकमेव शहाणपणाचा निर्णय. तोही त्यांनी रागाच्या भरात घेतला होता, ट्रकवाल्यावरच्या.

क्लोरीन वगैरे अण्णा नंतर शिकले. सकाळच्या सभासदांत रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. अण्णा त्यांना रोज एकच प्रश्न विचारायचे, उत्तर चघळत घरी न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते चुकीचं असलं तर परत आणून द्यायचे. असं वर्षभर चाललं. मग प्राध्यापकच त्यांना प्रश्न विचारायला लागले.

पाणी तपासायला त्यांच्याकडं काचेची एक नळी आणि थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. पहिल्या बाटलीतले थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. किती पिवळं झालं ते जुळवून बघायचा रंगाचा पुठ्ठा उन्हानं कधीच उडून गेला होता. अण्णांनी स्वतःची मापं ठरवली. लिंबाच्या सरबताचा रंग आला की ठीक. हरभऱ्याच्या डाळीचा आला की जास्त. नवरीच्या हळदीचा आला की तलाव बंद. काहीच रंग आला नाही तर, "आज पाणी विधवा हाय," असं ते म्हणायचे. मी एकदा त्यावर भांडले. दुसऱ्या दिवसापासून ते "आज पाणी उपाशी हाय" म्हणायला लागले.

नळी हातात धरून ते श्वास रोखून बघत राहायचे. नुसता रंग नाही, तो किती वेळात येतो तेही.

"टाकल्या टाकल्या पिवळं झालं, तर ते कामाचं क्लोरीन," त्यांनी मला समजावलं. "दम खाऊन, इकडं तिकडं बघून मग पिवळं झालं, तर ते नुसतं हजेरी लावणारं. पाण्यात असतंय, पर काम करत न्हाय. घाम, मूत, असल्या घाणीशी त्याचं लगीन लागल्यालं असतंय. आन् वास त्येचाच येतोय."

ही गोष्ट पटवणं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. तलावावर उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की सभासद तक्रार करायचे, क्लोरीन जास्त झालंय, कमी करा. अण्णा सांगायचे, कमी पडलंय, वाढवाय पायजे. लोक त्यांच्याकडं असे बघायचे की जणू ते तिखट लागलं म्हणून मिरची खा म्हणतायत. साहेबांनी तर त्यांना एकदा लेखी विचारलं होतं की सभासदांचे डोळे जळत असताना आपण क्लोरीन वाढवल्याचे समजते, हे खरे काय. अण्णांनी खाली लिहिलं, "व्हय." आणि तारीख घातली.

ब्लीचिंग पावडर ते कधी थेट पाण्यात टाकू द्यायचे नाहीत. आदल्या दिवशी पिंपात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळ तेवढी तलावात सोडायची, तीही ऊन उतरल्यावर. "दुपारी घातलं तर निम्मं ऊनच खातंय," ते म्हणायचे. "उन्हाला कशाला जेवाय घालायचं? त्येनं काय आपली वर्गणी भरलीया?"

मग पीएच. दुसऱ्या बाटलीतले थेंब त्याच्यासाठी. पीएच म्हणजे पाण्याचा स्वभाव, असा त्यांचा खुलासा. साडेसाताच्या आसपास असला तर पाणी क्लोरीनचं ऐकतं. आठाच्या वर गेला की ऐकत नाही, मग पोती ओता नाहीतर नवस बोला. "आपल्या साहेबाचा पीएच नऊ हाय," असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे.

त्यांची दोन हाडवैरं होती. पहिलं पैलवानांशी. जवळच्या तालमीतली मंडळी मेहनत करून, अंगाला तेल आणि तांबडी माती तशीच घेऊन यायची आणि धाडकन उडी टाकायची. अण्णा फवाऱ्याच्या दारात आडवे उभे राहायचे. उंची पाच फूट दोन इंच. समोर शंभर किलोचा गडी.

"पावणं, दोनदा आंघुळ."

"केलीया की एकदा."

"ती मातीची झाली. आता तेलाची करा."

"अण्णा, बाजूला सरा. उचलून ठेवीन."

"ठेवा. पर पुसून ठेवा, फरशीवर माती नगं."

पैलवान हसायचा आणि गपचूप दुसऱ्यांदा आंघोळीला जायचा. आमचं पाणी एकदा पांढरं आणि वरून मातीनं तांबडं झालं, तेव्हा एक जण म्हणाला, अण्णा, तांबडा-पांढरा एकाच ताटात! अण्णा म्हणाले, "मी लिंगायत हाय, मटणाचा रस्सा खात न्हाय. तवा चव तुम्हीच सांगा." आणि त्यानं खरंच पाणी तोंडात घेऊन थुंकेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

दुसरं वैर खोबरेल तेलाशी, म्हणजे पर्यायानं माझ्या बायकांशी. तेलानं वाळू चिकटते, क्लोरीन संपतं. पण बायकांच्या डोक्याला हात लावून बघणं त्यांना शक्य नव्हतं. ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं. रोज चारला मी दारात उभी राहून एकेकीचा अंबाडा हुंगायची. भल्या घरच्या सासवा-सुना ओळीनं डोकी पुढं करायच्या. नापास झालेलीला शिकेकाईची पुडी मिळायची. ती अण्णा स्वतःच्या घरून बांधून आणत.

आणि तळाची जाळी. खोल बाजूला बारा फुटांवर, तळाशी पाणी ओढून घेणारी एक लोखंडी जाळी होती. तिला बारा पट्ट्या. अण्णा रोज सकाळी काठावरून त्या मोजायचे. बारा दिसल्या तर तलाव उघडायचा. जाळीचा नुसता आकार दिसला, पट्ट्या दिसल्या नाहीत, तर नाही.

"आकार दिसतोय म्हंजे दिसत न्हाय," ते म्हणायचे. "माणूस बुडला तर बोंब मारत न्हाय बाई. गप जातोय. मग त्येला वरनं बगायचं म्हंजे पाणी आरपार पायजे. औषध, रंग, वास ह्ये सगळं मागनं."

ते स्वतः पाण्यात कधी उतरायचे नाहीत. येत नव्हतं असं नाही, गावाकडच्या नदीत वाढलेला माणूस. मी आग्रह केला की म्हणायचे, "मला म्हाईत हाय न्हवं त्यात काय काय हाय."

पुढं, दोन हजार साल उलटल्यावर, गावाबाहेर हॉटेलांचे, फार्महाऊसचे निळेशार तलाव झाले आणि अण्णांना बोलावणी यायला लागली. कुणीतरी गाडी पाठवून त्यांना घेऊन जायचं. ते पाण्यात बोट बुडवायचे, वाळू मुठीत घ्यायचे, आणि मालकाला विचारायचे, "रोज किती माणसं उतरत्यात?" एका बंगल्याच्या मालकानं अभिमानानं सांगितलं, "कोणीच नाही. शोभेसाठी आहे." अण्णा तसेच परत आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्या पाण्याला काय झाल्यालं न्हाय. मालकाला झालंय."

आता ती गोष्ट, जी मी बरीच वर्षं सांगत नव्हते.

बायकांच्या तासाला तिसरं वर्ष लागलं होतं. सोळा जणी चांगल्या तयार झाल्या होत्या. संस्थेच्या वर्धापनदिनाला पाहुण्यांसमोर त्यांचं प्रात्यक्षिक ठेवायचं ठरलं. त्यात यश आलं तर दुपारचा तास संध्याकाळचा करून देतो, असं साहेब बोलले होते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आदल्या आठवड्यात पंपाचा शाफ्ट गेला. मे महिन्याची गर्दी, फिल्टर बंद, पाणी बघता बघता धुरकटलं. अण्णांनी तलाव बंद केला. पीएच जागेवर आणला, क्लोरीन वाढवलं, आणि संध्याकाळी तुरटीचं पाणी सगळीकडं शिंपडलं. तुरटी पाण्यातली बारीक घाण गोळा करून, तिचे कापसासारखे पुंजके करून तळाशी बसवते. पण त्याला पाणी शांत लागतं. मग तो थर हळूच नळीनं ओढून बाहेर टाकायचा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी पाणी अर्धवट निवळलं होतं. अण्णा पंपाचा शाफ्ट गोणपाटात गुंडाळून शिरोलीला लेथवाल्याकडं निघाले. दारात मला म्हणाले, "बाई, मी चार वाजस्तवर न्हाय आलो तर कुणाला उतरू देऊ नगा. खाली सगळा थर बसलाय. हात लागला की उठतोय. पाव्हण्यांना उद्या बलवा."

"सांगते साहेबांना," मी म्हटलं.

मी साहेबांना सांगितलं नाही. साडेतीनला साहेब आले, पाहुणे येऊन बसले, बायका घरच्यांना घेऊन आल्या. साहेबांनी विचारलं, "काय बाई, पाणी ठीक ना?" मी काठावर जाऊन बघितलं. जाळीचा आकार दिसत होता. पट्ट्या दिसत नव्हत्या. मी म्हटलं, "ठीक आहे."

हे दोन शब्द माझे. त्यात साहेबांचा काही दोष नाही.

सोळा जणी उतरल्या. पहिल्या फेरीतच तळाचा थर उठला. खालून ढग यावेत तसं पांढरं वर आलं आणि पाच मिनिटांत पाणी पीठ कालवल्यासारखं झालं. टाळ्या चालू होत्या. मी शिट्टी मारून सगळ्यांना कडेला बोलावलं आणि डोकी मोजली. पंधरा.

परत मोजली. पंधरा.

मी उडी मारली. डोळे उघडे ठेवून काही उपयोग नव्हता, माझा स्वतःचा हात मला दिसत नव्हता. तळाला जाऊन फरशी चाचपत पुढं सरकले. श्वास संपला, वर आले. दुसऱ्यांदा गेले, हाताला जाळी लागली. बोटांना बारा पट्ट्या नीट कळल्या. तिसऱ्या वेळी हाताला कापड लागलं.

शाहूपुरीतल्या एका कापडवाल्यांच्या घरची सून होती ती. तिशीची. सोळा जणींत सगळ्यात शांत. ओढून काढली तेव्हा ओठ निळे पडले होते. तोंडानं श्वास देत राहिले. किती वेळ ते मला कधीच सांगता आलं नाही. मग तिनं पाणी ओकलं, आणि रडली. ते रडणं ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा देव आठवला.

ती वाचली. दोन दिवसांनी दवाखान्यातून घरीही गेली.

अण्णा साडेचारला शाफ्ट घेऊन परत आले तेव्हा काठावर मी होते आणि मागं राहिलेल्या चपलांचे जोड. ते पाण्याकडं बघत उभे राहिले. मग माझ्याकडं बघितलं. गोणपाट सोडलं आणि शाफ्ट बसवायला लागले.

पंधरवड्यानं संस्थेनं दोन कागद काढले. एक मानपत्र, "प्रसंगावधान राखून प्राण वाचवल्याबद्दल", शाल आणि श्रीफळासह मला. दुसरं कारणे दाखवा, "पाण्याची गढूळता व कर्तव्यावरील अनुपस्थिती"बद्दल, अण्णांना. दोन्ही एकाच टाइपरायटरवर टाइप केलेले. "ण"ची दांडी दोन्हींत सारखीच तुटलेली. समारंभात त्या सुनेच्या नवऱ्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले. लोकांना तो विनय वाटला.

अण्णांनी खुलाशात फक्त नोंदी लिहिल्या. सकाळी सहा, दुपारी बारा, क्लोरीन इतकं, पीएच इतका. शेवटची ओळ: "सबब पाणी बसत होते." मला सांगून गेले होते, हे कुठंच नाही. त्यांची बदली संस्थेच्या बागेत, कारंज्यावर झाली. महिन्याभरात कारंज्याचं पाणी असं झालं की लोकांनी आत टाकलेली शेंगांची टरफलं मोजावीत. माझा तास संध्याकाळचा झाला.

आठ महिने मी गप्प होते. बागेवरून जायचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्यानं जायची. मग एक दिवस ती सून पुन्हा तलावावर आली. म्हणाली, परत शिकायचंय. सासूनंच पाठवलंय, त्या म्हणाल्या, भीती बसली की जात नाही. तिचा अंबाडा हुंगायला मी वाकले तेव्हा तिनं सहज विचारलं, "बाई, त्या दिवशी मी खाली डोळे उघडले तर नुसतं दूध दिसलं. इतकं पांढरं पाणी असताना तुम्हाला आम्हाला उतरवताना भीती नाही वाटली?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

मी तिला तिथंच सांगितलं. अण्णा काय बोलले होते, मी काय बघितलं, काय म्हटलं. ती बराच वेळ टॉवेलची कड पिळत राहिली. मग म्हणाली, "आज जाळी दिसतेय ना?" मी हो म्हटलं. तिनं स्वतः काठावर जाऊन बघितलं, आणि मग पाण्यात उतरली.

त्याच आठवड्यात मी संस्थेला पत्र लिहिलं. चार पानी. देण्याआधी अण्णांना दाखवावं म्हणून बागेत गेले. ते कारंज्याच्या कट्ट्यावर बसले होते. मी कागद पुढं केले आणि उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत चारही पानं वाचली. मी माफी कशी मागायची ते मनात जुळवत होते.

"ह्ये चुकलंय," तिसऱ्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले.

"काय?"

"पीएच. तुम्ही आठ लिवलंय. त्या दिशी साडेसात हुता. आठ असता तर तुरटी अशी बसली न्हसती. दुरुस्त करा. साहेबाला चुकीचा कागूद द्यायचा न्हाय."

"अण्णा, बाकीचं..."

"बाकीचं बराबर हाय," ते म्हणाले आणि कागद परत दिले. चष्मा काढत म्हणाले, "आठ म्हयनं लागलं व्हय?"

"हो."

"लई येळ लागला बाई. दम खाऊन पिवळं झालंय." मग हसले. "झालं ह्ये बी काय कमी न्हाय."

पत्र दिलं. कार्यकारिणीची बैठक झाली. साहेबांनी मला बोलावून समजावलं की दिलेलं मानपत्र परत घ्यायची आपल्या घटनेत तरतूद नाही. कारणे दाखवाही निकालात निघालंय, ते पुन्हा उघडायचीही तरतूद नाही. पत्र दप्तरी दाखल झालं. मला वाटलं होतं, मला नोकरीवरून काढून टाकतील. तेही करायची तरतूद नसावी. अण्णा कारंज्यावरच राहिले.

त्यांना परत आणलं ते माझ्या सत्यानं नाही, शेवाळानं. पुढच्या उन्हाळ्यात शालेय स्पर्धा आमच्या तलावावर ठरल्या आणि स्पर्धेच्या पाच दिवस आधी पाणी हिरवट पांढरं झालं. अण्णांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं भर दुपारी पोती ओतली. साहेब स्वतः बागेत गेले. अण्णांनी कारंज्याची तोटी बंद केली, हात पुसले आणि आले. फिल्टर उघडला, वाळू उपसली, धुतली, वाईट तेवढी फेकली. क्लोरीन, ॲसिड, तुरटी, आणि दीड दिवस कुणाला काठावरही फिरकू दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी बारा पट्ट्या लखलखीत.

साहेब म्हणाले, "अण्णा, आता इथंच राहा."

"ऱ्हातो. पर एक अट हाय."

सगळे पुढं सरकले. साहेबांना बहुधा पगारवाढ वाटली.

"तलाव उघडायचा का न्हाय, ह्ये रोज बाई ठरवत्याल. माझं बी ऐकायचं न्हाय, तुमचं बी न्हाय. बाई न्हाय म्हणाल्या की न्हाय."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना माझं चार पानी पत्र आठवत होतं. "अहो अण्णा, पण बाईंनीच तर त्या वेळी..."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले. "बाईंची चूक हून गेलीया. तुमची, माझी, ह्या सगळ्यांची अजून व्हायची ऱ्हायलीया."

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ठराव आला तो असा: प्रशिक्षिका बाईंचा प्रदीर्घ अनुभव लक्षात घेऊन त्यांना सदर अधिकार देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. अनुभव कसला, ते बैठकीत कुणी विचारलं नाही.